कुंपण जमिनीखाली जात नाही

सॅन फ्रान्सिस्को शहरात मिशन आणि फ्रीमाँट या रस्त्यांच्या कोपऱ्यावर मिलेनियम टॉवर ही ५८ मजली इमारत उभी आहे. २००९ मध्ये ती पुरी झाली आणि शहरातल्या श्रीमंतांनी तिथले फ्लॅट घेतले. २०१६ च्या ऑगस्टमध्ये बातमी फुटली, की ही इमारत १६ इंच खचली आहे आणि खचता खचता एका अंगाला कललीही आहे. मूळ अंदाज होता चार ते सहा इंचांचा, तोही इमारतीच्या पूर्ण आयुष्याचा.

मग शेजाऱ्यांचे भांडण सुरू झाले. टॉवरच्या दक्षिणेला लागूनच ट्रान्सबे ट्रान्झिट सेंटर हे मोठे स्थानक बांधले जात होते. त्यासाठी २०१० पासून सुमारे ६० फूट खोल खड्डा खणण्यात आला. टॉवरच्या बिल्डरचे म्हणणे असे, की या खड्ड्यासाठी स्थानकवाल्यांनी जमिनीतले पाणी उपसले, म्हणून आमच्या पायाखालची माती बसली. स्थानक बांधणाऱ्या प्राधिकरणाने उलट सुनावले, की आमची कुदळ पडण्याआधीच तुम्ही दहा इंच खचला होतात, आणि तुमचे पाइल, म्हणजे पायाखाली खोल रोवलेले खांब, खडकापर्यंत गेलेलेच नाहीत. वकिलांची काही वर्षे चांगली गेली. २०२० मध्ये तडजोड झाली, त्यामुळे कुणाचा दोष किती याचा न्यायालयीन निवाडा कधी झालाच नाही. भांडण मात्र एका गोष्टीसाठी लक्षात ठेवावे असे आहे. दोन्ही बाजू जमिनीखालच्या एकाच थराबद्दल बोलत होत्या, आणि तो थर दोघांच्याही मालकीच्या रेषेखालून अखंड गेलेला होता.

तिथली जमीन वरून खाली अशी आहे. सर्वांत वर भराव आणि मऊ गाळ, कारण हा भाग समुद्र हटवून केलेला. त्याखाली घट्ट वाळूचा थर, ज्याला तिथे कोलमा वाळू म्हणतात. वाळूखाली ‘जुनी खाडीमाती’ या नावाने ओळखला जाणारा चिकणमातीचा जाड थर. आणि त्याच्याही खाली, दोनशे-अडीचशे फुटांवर खडक. मिलेनियम टॉवरच्या तळाशी दहा फूट जाडीचा काँक्रीटचा सलग थर, म्हणजे राफ्ट आहे आणि राफ्टखाली साडेनऊशेच्या आसपास पाइल ठोकलेले आहेत. प्रत्येक पाइल १४ इंची चौकोनी, लांबी ६० ते ९० फूट. म्हणजे ते वाळूत थांबले. खाली चिकणमाती तशीच राहिली.

हा निर्णय वेडेपणाचा होता असे म्हणणे आज सोपे आहे. प्रत्यक्षात त्याच वाळूवर पाय टेकवून त्या परिसरातल्या कितीतरी इमारती सुखरूप उभ्या आहेत. पण त्या तुलनेने हलक्या. हा मनोरा काँक्रीटचा आणि अवाढव्य वजनाचा. शिवाय पाइल हा प्रकार माणसाला एका खास पद्धतीने फसवतो, आणि ती पद्धत समजली की शेजारशेजारच्या टॉवरांचे अर्धे कोडे सुटते.

पाइल दोन प्रकारे वजन पेलतो. त्याच्या अंगाभोवतीची माती त्याला घर्षणाने धरून ठेवते आणि त्याच्या टोकाखालचा थर त्याला उचलून धरतो. मुंबईसारख्या ठिकाणी बोअर घेताना ‘हार्ड लागला’ की सगळ्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसते, कारण तिथे भिस्त टोकावर आणि खडकात रोवलेल्या भागावर असते. जिथे खडक फार खोल आहे, तिथे सगळा भार घर्षणावर किंवा मधल्या एखाद्या घट्ट थरावर टाकावा लागतो. दोन्ही बाबतींत वजन नाहीसे होत नाही. पाइल ते फक्त वरच्या मऊ थरांना ओलांडून खाली नेऊन पोहोचवतो. पुढे ते वजन मातीत पसरते, आणि पसरताना रुंद होत जाते.

किती खोल पसरते? याचे एक ढोबळ गणित अभियंत्यांच्या तोंडी असते. चौकोनी पायाखालचा वाढीव दाब मूळच्या एक-दशांशावर यायला पायाच्या रुंदीच्या साधारण दुप्पट खोली लागते. १४ इंची पाइल एकटा असेल, तर त्याच्या टोकाखालचा दाब दोन-अडीच फुटांत विरून जातो. साइटवर पाइलची चाचणी घेतात ती अशीच. एका पाइलवर जॅकने वजन चढवायचे आणि तो किती मिलिमीटर दबला ते मोजायचे. चाचणी उत्तम पार पडते. वाळू मजबूत आहे, पाइल मजबूत आहे, सगळे खरे आहे.

पण साडेनऊशे पाइल जवळजवळ उभे केले की जमिनीला ते सुटे पाइल म्हणून जाणवत नाहीत. त्यांच्यामधल्या मातीसकट त्यांचा एक ठोकळा होतो, आणि या ठोकळ्याची रुंदी म्हणजे साऱ्या इमारतीची रुंदी. ३० मीटर रुंद पाया धरला तर तेच दुपटीचे गणित ६० मीटरवर जाते. चाचणीच्या पाइलला खालच्या चिकणमातीचा पत्ताही लागत नाही. तिच्यात खोलवर दाब जातो तो इमारतीचा. ऑस्ट्रेलियातले अभियंते हॅरी पोलोस यांनी १९६८ मध्ये या परस्परप्रभावाचे गणित मांडले. एका पाइलवर वजन टाकले की शेजारचा रिकामा पाइलही थोडा खाली जातो. मग शंभर पाइल असतील तर प्रत्येकाला उरलेल्या नव्याण्णवांचा वाटाही सोसावा लागतो. एकट्या पाइलपेक्षा समूह कितीतरी पट जास्त खचू शकतो, आणि दोन पाइलांमधले अंतर व्यासाच्या अडीच-तीन पट ठेवण्याचा प्रघात पाळूनही हे पुरते टळत नाही.

शिवाय वाळू दबायची ती बांधकाम चालू असतानाच दबते. चिकणमाती वेळ घेते. तिच्या कणांमध्ये पाणी अडकलेले असते आणि बाहेर पडायच्या वाटा अतिशय बारीक असतात. पंचात दही बांधून वर वजन ठेवले की चक्का हळूहळू घट्ट होतो, तसेच इथे घडते. फरक एवढाच, की दह्याला एक रात्र पुरते आणि पन्नास फूट जाडीच्या चिकणमातीला कित्येक दशके. कार्ल टेरझागी यांनी १९२५ मध्ये या क्रियेचा सिद्धांत प्रसिद्ध केला आणि माती-अभियांत्रिकी हे शास्त्र तिथून खऱ्या अर्थाने सुरू झाले. पाणी जाते तसा थर पातळ होतो आणि त्याच वेळी कणखरही होतो. हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण शेजारी कोण आधी आला आणि कोण नंतर, याचा हिशेब त्यावरच लागतो.

हा हिशेब उघड्या डोळ्यांनी पाहायचा असेल तर ब्राझीलमधल्या सांतोसला जावे. साओ पाउलो राज्यातल्या या बंदराच्या शहरात समुद्रकिनाऱ्यालगत १९५० आणि ६० च्या दशकांत बारा-पंधरा-अठरा मजल्यांच्या इमारतींची रांगच उभी राहिली. वर दहा-बारा मीटर घट्ट वाळू, तिच्याखाली सागरी चिकणमातीचा जाड थर. खोल पाइल परवडत नव्हते, म्हणून बिल्डरांनी वाळूवरच उथळ पाये टाकले. आज तिथे शंभरच्या आसपास इमारती उघड दिसतील इतक्या कललेल्या आहेत. लोक त्यांत राहतात, आणि काही घरांत फर्निचरच्या एका बाजूखाली लाकडाचे तुकडे सरकवलेले असतात.

या कलण्याला दिशा आहे, ती यदृच्छेने आलेली नाही. दोन इमारती एकाच वेळी शेजारी उभ्या राहिल्या, तर दोघींच्या दाबाचे पसारे मधल्या जमिनीत एकमेकांवर चढतात. मधली माती जास्त दबते आणि इमारती एकमेकींकडे झुकतात. एक आधीची आणि दुसरी बऱ्याच वर्षांनी आलेली असेल तर चित्र बदलते. जुनीच्या खालची माती एव्हाना दबून कणखर झालेली असते. नवी इमारत तिच्या जवळच्या बाजूने कमी खचते, लांबच्या बाजूने जास्त, आणि म्हणून जुनीपासून दूर झुकते. जुनीला मात्र नव्या वजनाचा त्रास नवीच्याच बाजूने होतो, त्यामुळे ती नवीकडे कलते. सांतोसमधल्या इमारतींची वये आणि त्यांचे कोन जुळवून पाहिले की हे पाठ्यपुस्तकातले चित्र रस्त्यावर भेटते. त्यांतल्या नुन्सियो माल्झोनी या १७ मजली इमारतीचा एक भाग माथ्यावर दोन मीटरहून अधिक कलला होता. अखेर तिच्याखाली पन्नास मीटरहून खोल पाइल घालून, जॅक लावून ती सरळ करण्यात आली. शेजारच्या बाकीच्या बहुतेक तशाच राहिल्या, कारण तो खर्च रहिवाशांनाच करायचा होता.

उथळ पायांची गोष्ट पाइलना लागू पडते का? पडते, फक्त ती खोलवर घडते. पाइल वाळूत किंवा चिकणमातीतच थांबले असतील, तर सांतोसमध्ये वरच्या पातळीला जे झाले तेच पाइलच्या टोकाखाली होते. जर्मनीतल्या फ्रँकफुर्टच्या अभियंत्यांनी हे वेळीच ओळखले. तिथे शहराखाली चिकणमातीचा जाड थर आहे, सॅन फ्रान्सिस्कोच्या मानाने घट्ट, पण उंच इमारतीखाली दबणारा. १९८० च्या दशकात तिथे एक मधला मार्ग रूढ झाला. सगळे वजन पाइलवर टाकायचे नाही. राफ्टनेही थेट मातीवर बसून आपला वाटा उचलायचा, आणि पाइल मोजकेच, खचणे आटोक्यात ठेवण्यापुरते घालायचे. २५० मीटरहून उंच मेसेटुर्म असा फक्त ६४ पाइल आणि जाडजूड राफ्ट यांवर उभा आहे. तो काही सेंटिमीटर खचणार हे आधीच धरले होते आणि त्याप्रमाणे तो खचला. ही काटकसर मला मोठी देखणी वाटते.

पण १९९७ मध्ये पुऱ्या झालेल्या कॉमर्झबँकेच्या मनोऱ्यासाठी तीच रीत वापरली गेली नाही. हा मनोरा २५९ मीटर उंच, आणि त्याच्या अगदी जवळ त्याच बँकेची शंभर मीटर उंचीची जुनी इमारत. नव्या मनोऱ्याने चिकणमाती दाबली असती, तर स्वतःसोबत जुन्या इमारतीलाही ओढले असते. म्हणून १११ पाइल चिकणमातीच्या पार खाली, चुनखडकाच्या थरापर्यंत नेले गेले. स्वतःपुरता विचार केला असता तर स्वस्तात काम झाले असते. इथे पायाचा प्रकार शेजाऱ्याने ठरवला.

आतापर्यंत सगळी चर्चा उभ्या वजनाची झाली. आडवा जोर हा त्याहून कपटी प्रकार आहे. पाइल उभे वजन घेण्यासाठी बनवलेला असतो. कुशीतून ढकलला तर तो वाकतो आणि तुटतोही. शेजारी खोल खड्डा खणला की खड्ड्याच्या भिंती थोड्या तरी आत येतातच, त्यांच्यामागची माती खड्ड्याकडे सरकते आणि जाताना पाइलना ढकलते.

२००९ च्या २७ जूनला पहाटे शांघायमध्ये लोटस रिव्हरसाइड या वसाहतीतली १३ मजली, जवळजवळ तयार इमारत आडवी झाली. कोसळली म्हणणे बरोबर नाही. ती अख्खीच्या अख्खी, खिडक्यांसकट, जमिनीवर लोळली. तळातून तुटलेले पाइल बाहेर आलेले छायाचित्रांत दिसतात. एक मजूर मारला गेला. कारण तपासात निघाले ते साधे होते. इमारतीच्या दक्षिणेला भूमिगत गॅरेजसाठी ४.६ मीटर खोल खड्डा खणला जात होता, आणि खणलेली माती वाहून न नेता उत्तरेला जवळजवळ दहा मीटर उंच ढीग करून ठेवली होती. एका अंगाला ढिगाचा रेटा, दुसऱ्या अंगाला आधारच काढून घेतलेला. मधली मऊ माती दक्षिणेकडे सरकली आणि आतून पोकळ असलेले काँक्रीटचे पाइल मोडले. उभ्या वजनासाठी ते पाइल पुरेसे होते. वसाहतीतल्या बाकीच्या इमारती उभ्याच राहिल्या. इथे ना मनोरा अवाढव्य होता, ना गणित अवघड होते. माती कुठे टाकायची, हा ट्रकच्या फेऱ्यांचा हिशेब होता.

त्याच शांघायमध्ये लुजियाझुई भागात तीन महाकाय मनोरे अक्षरशः हाकेच्या अंतरावर आहेत. जिन माओ टॉवर १९९९ चा, ४२० मीटर. वर्ल्ड फायनान्शिअल सेंटर २००८ चे, ४९२ मीटर. आणि सर्वांत शेवटी आलेला, ६३२ मीटरचा शांघाय टॉवर. खाली नदीने आणलेली वाळू आणि चिकणमाती यांचे थरावर थर, खडक पाइलच्या आवाक्याबाहेर. जिन माओचे पोलादी पाइल सुमारे ८३ मीटर खोल ठोकलेले आहेत. पण ठोकताना हादरे बसतात आणि आवाजही होतो. आजूबाजूला इमारती झाल्यावर तसे करणे शक्य नव्हते. शांघाय टॉवरचे साडेनऊशेच्या आसपास पाइल म्हणून जमिनीत बोअर घेऊन, जागेवरच ओतून केले गेले. मुख्य मनोऱ्याचा ३१ मीटर खोल खड्डा १२१ मीटर व्यासाच्या गोल भिंतीच्या आत खणला. गोल भिंतीवर चहूबाजूंनी सारखा रेटा येतो, त्यामुळे तो तिच्या अंगातच पेलला जातो आणि आडवे टेकू लावावे लागत नाहीत. भोवतीच्या कमी उंचीच्या भागाचे तळघर वरून खाली, एकेक मजल्याची स्लॅब टाकत नेले, म्हणजे स्लॅबच खड्ड्याच्या भिंतींना टेकू होत गेल्या. शेजारचे दोन मनोरे जागचे हलू नयेत, यासाठी हा एवढा खटाटोप.

राहिले पाणी, आणि सर्वांत जास्त अंतरावर पोहोचतो तो पाण्याचाच परिणाम. मातीतले पाणी काही वजन पेलत असते. उपसले की ते वजन मातीच्या कणांवर येते आणि माती दबते, वर एक वीटही न ठेवता. शांघायचा मध्यभाग १९२१ ते १९६५ या काळात विहिरींच्या उपशामुळे सरासरी पावणेदोन मीटर बसला; मग शहराने उपसा आवरला आणि जमिनीत पाणी परत भरायला सुरुवात केली. मेक्सिको सिटी हे याचे आणखी मोठे उदाहरण. जुन्या तळ्याच्या गाळावर वसलेले हे शहर विसाव्या शतकात काही भागांत कित्येक मीटर खाली गेले. आता गंमत अशी, की ज्या वास्तू खोल पाइलवर आहेत त्या जमिनीबरोबर खाली जात नाहीत, त्यामुळे त्या वर आल्यासारख्या दिसतात. १९१० च्या स्वातंत्र्यस्तंभाला, ज्याला तिथले लोक नुसते ‘एंजल’ म्हणतात, सुरुवातीला नऊ पायऱ्या होत्या. भोवतीचा रस्ता खाली जात राहिला तशा आणखी १४ जोडाव्या लागल्या.

ही पाइलची फुशारकी नव्हे. खाली बसणारी माती पाइलच्या अंगाला धरूनच बसते आणि त्याला खाली ओढते. ज्या घर्षणाने पाइलला आधार द्यायचा, तेच त्याच्यावर ओझे होते. शेजाऱ्याने पाणी उपसले किंवा आपल्या प्लॉटवर भराव टाकला, तरी हेच घडू शकते: इमारतीत एक कपाटही वाढलेले नसताना पाइलवरचे वजन वाढते. नकाशांत त्याची नोंद नसते.

मेक्सिको सिटीतच एक उत्तम प्रतिउदाहरण आहे. १९५६ मध्ये पुरा झालेला ४४ मजली तोरे लातिनोअमेरिकाना. अभियंते लिओनार्दो झीवार्ट यांनी त्याच्यासाठी ३६१ पाइल ३३ मीटरवरच्या घट्ट वाळूच्या थरापर्यंत नेले, तळघरासाठी माती काढून इमारतीच्या वजनाचा मोठा भाग आधीच फेडला, आणि खड्ड्यातून पाणी काढताना भोवतीच्या जमिनीत पाणी परत सोडले, म्हणजे शेजारच्या इमारतींखालची पातळी उतरू नये. १९५७ च्या भूकंपात ‘एंजल’चा सोनेरी पुतळा खाली पडला, हा मनोरा मात्र शाबूत राहिला, आणि १९८५ च्या भीषण भूकंपातही. संगणक नसताना सत्तर वर्षांपूर्वी जे जमले, ते आज कुणाला जमत नसेल तर अडचण ज्ञानाची नाही.

सॅन फ्रान्सिस्कोच्या मनोऱ्याकडे आता नीट पाहता येते. टॉवर कलला तो वायव्येकडे, म्हणजे दक्षिणेच्या त्या मोठ्या खड्ड्याच्या विरुद्ध बाजूला. शांघायच्या आडव्या झालेल्या इमारतीसारखे खड्ड्याने त्याला सरळ आपल्याकडे ओढले, असे म्हणण्याला त्यामुळे जागा राहत नाही. शिवाय स्थानकवाल्यांनी खड्डा आणि टॉवर यांच्यामध्ये पाइलची भक्कम भूमिगत भिंत आधीच बांधली होती. आपल्याच वजनाने चिकणमातीतले पाणी पिळून निघत असताना शेजारच्या कामांसाठी झालेल्या उपशाने त्यात किती भर घातली, हा वादाचा खरा मुद्दा. माझे मत विचाराल तर टॉवरचे पाइल जिथे थांबले तिथेच दुखण्याचे मूळ आहे. समोरच २०१८ मध्ये सुरू झालेला, त्याहून पुष्कळ उंच सेल्सफोर्स टॉवर खडकापर्यंत नेलेल्या पायावर उभा आहे आणि त्याच्याबद्दल अशी तक्रार नाही.

इलाजाची कथा तर आणखी शहाणे करणारी. अभियंते रोनाल्ड हॅम्बर्गर यांच्या योजनेनुसार कललेल्या दोन बाजूंना, फुटपाथखाली ५२ नवे पाइल खडकापर्यंत न्यायचे आणि राफ्ट त्यांना जोडायचा, असे ठरले. २०२१ मध्ये काम सुरू झाले आणि इमारत आणखी वेगाने खचू लागली. पाइलसाठी केसिंग घालताना, माती काढताना जमीन ढवळली जात होती. जिला आधार द्यायचा तिचाच आधार तात्पुरता ढिला होत होता. ऑगस्टमध्ये काम थांबवले गेले. कलणे माथ्यापाशी दोन फुटांच्या वर गेले. अखेर पद्धत बदलून, ५२ ऐवजी फक्त १८ पाइलवर योजना आणली आणि २०२३ मध्ये काम पुरे झाले. खर्च सुमारे दहा कोटी डॉलर.

मुंबईत परिस्थिती एका अर्थाने बरी आहे. बहुतेक ठिकाणी बेसाल्ट, ब्रेसिया किंवा टफ हे खडक आवाक्यात आहेत आणि टॉवरचे पाइल त्यांत रोवले जातात, त्यामुळे सॅन फ्रान्सिस्कोसारखे दशकानुदशके खचण्याचे भय कमी. पण इथला खडक सरळ रेषेत नसतो. एका प्लॉटवर लवकर लागलेला खडक शेजारी बराच खोल असू शकतो, वरचा मुरूम कमी-जास्त कुजलेला असतो, आणि ब्रेसिया-टफसारखे काही खडक उघडे पडून पाण्यात भिजले की ठिसूळ होतात. बेटे जोडून केलेल्या भरावाखाली आणि खाडीकाठी, उदाहरणार्थ वांद्रे-कुर्ला संकुलाच्या परिसरात किंवा नवी मुंबईच्या बऱ्याच भागात, सागरी चिकणमाती आहे. आणि मुख्य म्हणजे इथे पुनर्विकासाचा टॉवर एकटा येत नाही. त्याच्या भिंतीला भिंत लावून जुनी चाळ किंवा साठ-सत्तरच्या दशकातली चार मजली सोसायटी असते, उथळ पायावर उभी. टॉवरचे पाइल खडकात सुरक्षित राहतात. पार्किंगसाठी खणलेले दोन-तीन मजली तळघर आणि त्यातून रात्रंदिवस चालणारे पंप यांचा त्रास चाळीला होतो. कोलकात्यात ३१ ऑगस्ट २०१९ ला बोबाजारमध्ये मेट्रोच्या भुयारात भूजलाचा थर फुटला आणि वरची जुनी घरे कोसळली, शेकडो लोकांना घरे सोडावी लागली. पाणी मातीला घेऊन किती झपाट्याने निघून जाऊ शकते, हे तिथे एका रात्रीत दिसले.

म्हणून शेजारच्या प्लॉटवर पत्रे लागले आणि रिग येऊन उभी राहिली, की सोसायटीच्या कमिटीने सत्यनारायणाच्या वर्गणीआधी चार कामे उरकावीत. स्वतःच्या इमारतीतल्या सगळ्या भेगांची तारीख घातलेली छायाचित्रे काढून घ्यावीत, शक्य तर एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीनिशी. कोपऱ्यांच्या खांबांवर पातळीच्या खुणा करून त्या दर आठवड्याला मोजण्याची मागणी बिल्डरकडे लेखी करावी. भूजलाची पातळी मोजणाऱ्या नळ्या कुंपणाच्या आपल्या बाजूलाही बसवायला सांगावे आणि त्यांचे आकडे मागावेत. आणि किती मिलिमीटर हालचाल झाली की काम थांबणार, व ते थांबवण्याचा अधिकार कुणाला, हे दोन्ही खोदकाम सुरू होण्याआधी कागदावर घ्यावे.